वात नापास करणारे मामा

प्रत्येक ग्लासासाठी देवाने एक आणि एकच वात नेमून दिलेली आहे आणि ती सापडेपर्यंत माणसाने स्वस्थ बसू नये, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मला माहीत आहे: माझ्या बायकोचे मुलुंडचे मामा. मराठीत 'वात आणणे' हा वाक्प्रचार आहे, पण त्याचा खरा अर्थ मला मामांनी समजावला.

मामांनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं रबरी वायसर तपासले. म्हणजे वस्तू नापास करण्याचाच त्यांनी तीस वर्षं पगार घेतला. निवृत्त झाल्यावर नापास करायला काही उरेना, तेव्हा त्यांनी मामींच्या पोळ्यांची जाडी तपासून पाहिली. तो प्रयोग मामींनी पहिल्याच दिवशी बंद पाडला. मग एका रविवारी मामा बोरिवलीला आमच्याकडे जेवायला आले. बायको तेव्हा नुकतीच काचेच्या ग्लासात मेण ओतून मेणबत्त्या करायला शिकली होती. तिने कौतुकाने एक पेटवली आणि सुरमईचं कालवण वाढायला घेतलं. मामांनी मात्र ताटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ज्योतीभोवतीचं मेण वितळून मधोमध विहीर पडली होती, कडेचं मेण जिथल्या तिथे घट्ट होतं आणि ज्योत त्या विहिरीत हळूहळू खाली चालली होती. उत्साहात आले की मामा मालवणीत शिरतात. "गो, ह्या बघ!" ते ओरडले. "ज्योत बुडता हा!"

खरोखरच ती बुडाली. बायकोचा चेहरा पडला आणि मामांचा उजळला. "वात बारीक पडली," ते म्हणाले. "पण किती बारीक? ते बघायला हवं."

ते बघण्यात पुढची दोन वर्षं गेली. मामांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी आली. कुठेही ग्लास दिसला की ते त्याचा आतला व्यास मोजू लागले. घाटकोपरला एका लग्नात त्यांनी फालुद्याचा ग्लास चाटूनपुसून रिकामा केला, रुमालाने कोरडा केला आणि पट्टी आडवी धरली. वाढपी म्हणाला, "काका, अजून एक देऊ का?" मामा म्हणाले, "फालुदा नको. याच्यापेक्षा अर्धा इंच अरुंद ग्लास आहे का?"

त्यांचं शास्त्र ऐकायला सोपं होतं. वात बारीक असेल तर विहीर पडते. जाड असेल तर ज्योत नाचते, काजळी धरते, वातीच्या टोकावर काळी छत्री उगवते आणि काच हाताला चटका देते. बरोबर असेल तर व्यास जितके इंच, साधारण तितक्या तासांत मेण कडेपर्यंत वितळतं, शांतपणे. पण 'साधारण' या शब्दावर मामांचा विश्वास नव्हता. ते एकाच मापाचे चार ग्लास मांडत, चारांत चार जाडीच्या वाती लावत आणि समोर स्टूल टाकून बसत. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. मामी ओल्या पंच्याने वारा घ्यायच्या, तर मामा म्हणायचे, "तिकडे तोंड करून घे गं."

वातींचे नंबर लक्षात राहीनात म्हणून त्यांनी वातींना नातेवाइकांची नावं दिली. काजळी धरणारी 'साडू', मिणमिण जळणारी 'धाकटी आत्या'. एकदा मी पाहिलं तर एका ग्लासावर 'जावई' अशी चिठ्ठी होती. मी जरा सुखावून विचारलं, "ही कशी आहे?" मामा संकोचून म्हणाले, "पहिला तास चांगली असते. नंतर पेंगते."

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर बायकोला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. अंधेरीच्या एका बाईंच्या आईची साठी होती, पाहुण्यांना द्यायला साठ मेणबत्त्या हव्या होत्या. ग्लास रुंद आणि आईला आवडतो म्हणून मोगऱ्याचा वास भरपूर. बायको तीन आठवडे राबली. समारंभाला चार दिवस असताना साठही ग्लास रिबिनी बांधून जेवणाच्या टेबलावर उभे होते. मामा आले, त्यांनी एक पेटवली आणि स्टूल ओढलं. तीन तासांनी उठून म्हणाले, "नापास."

"मामा, हीच वात तुम्ही पास केली होती!"

"बिनवासाच्या मेणात केली होती. अत्तराने मेण जड झालंय, वातीला वर खेचता येत नाही. श्वास कोंडतोय तिचा."

"अहो, लोक वास घेतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. कोण जाळणार आहे?"

"जो जाळेल त्याने काय करायचं?"

बायकोचा बांध फुटला. "मामा, तुम्हाला दोन वर्षांत एक मेणबत्ती पुरी करता आलेली नाही. नुसत्या तपासता. तुम्ही जा बरं आता!"

मामांनी स्टूल जागेवर ठेवलं, चपला घातल्या. "येतो गो," म्हणाले आणि एक मेणबत्ती पिशवीत घालून निघून गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते आमच्याकडून न जेवता गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने एक मेणबत्ती पेटवली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्ही विझल्या तेव्हा ती टेबलाशी डोकं धरून बसली होती. शेवटी तिने फोन लावला. "मामा..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नको. मोठं पातेलं आहे ना घरात? पाणी गरम करून ठेव. मी निघालो."

मामा आले तेव्हा त्यांच्या हातात आदल्या दिवशी नेलेला ग्लास होता. त्यातलं मेण त्यांनी वितळवून पुन्हा ओतलं होतं आणि आत एका जाड वातीऐवजी दोन बारीक वाती लावल्या होत्या, अंतर ठेवून. त्यांनी तो पेटवला. दोन ज्योतींभोवती दोन लहान तळी झाली, पसरत पसरत एकमेकांना भेटली आणि दोन्ही मिळून कडेला टेकली. "एकीला झेपत नव्हतं," मामा म्हणाले.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघं ग्लास गरम पाण्यात उभे करत होतो, मेण वितळवून काढत होतो, जुन्या वाती उपटून दोन-दोन नव्या चिकटवत होतो आणि मेण पुन्हा ओतत होतो. ओतून झाल्यावर मामांनी कुठलेही तीन ग्लास उचलून जाळून पाहिले, मगच रिबिनी बांधू दिल्या. जाळलेल्यांच्या जागी नवे केले. समारंभानंतर त्या बाईंचा फोन आला. आईने आपली मेणबत्ती त्याच संध्याकाळी लावली होती आणि वास संपू नये म्हणून घरातले सगळे हळू बोलत होते. बायकोने हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "किती वेळ जळली, विचारलंस का?"

आता मामांची नजर अधू झाली आहे. डॉक्टर म्हणतात, कडेकडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही. ज्योत नेमकी मधोमध असते. त्यामुळे दर रविवारी मी मुलुंडला जातो. ग्लास मांडतो, पंखा बंद करतो, काडी ओढतो आणि दिसेल ते सांगतो. आधी मी नुसतं "चांगली आहे" म्हणायचो. मामांना ते चालेना. "चांगली म्हणजे कशी?" मग मी नीट पाहायला लागलो. ज्योतीच्या तळाशी निळा रंग असतो, हे पन्नाशी उलटून गेल्यावर मला पहिल्यांदा दिसलं.

गेल्या रविवारी मामी आत चहा टाकत होत्या. मामा डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"टोक काळं पडलंय?"

"नाही."

"हलते का?"

"नाही, सरळ उभी आहे."

"कडेला पोचलं?"

"अजून बोटभर राहिलंय, मामा."

"मग बसा, जावईबापू," मामा म्हणाले. "घाई नाही."