कुतुबभाईची लांबलेली झील

उंब्रजमध्ये कुतुबुद्दीन गादीवाल्याचं घर विचारलं, की सांगणारा आधी एक हात कानावर ठेवून 'जीऽऽ रं जीऽऽ' अशी लकेर ओढायचा आणि मगच वाट दाखवायचा. आता नुसतीच वाट दाखवतात. मधल्या काळात काय घडलं, त्याची ही हकिकत.

कुतुबभाईचा धंदा कापसाचा. गाद्या भरायच्या, उशा भरायच्या, लग्नसराईत बायको हाजराबीनं टाके घालायचे. मिशांवर कायम कापूस. गावातली पोरं म्हणायची, कुतुबचाचा म्हातारा न्हाई, नुसता पिंजलेला हाय. पण माणूस खरा ओळखला जाई तो शाहीर हंबीररावांचा झीलकरी म्हणून. शाहीर पोवाडा गातो तेव्हा मागं उभा राहून जो ओळ उचलून धरतो आणि शेवटाला 'जी रं जी' लावतो, तो झीलकरी. लग्नातल्या करवलीसारखं ते काम. असली तर कुणी बघत नाही, नसली तर मांडवभर चौकशी.

ह्या कुतुबभाईची जी लांबायची. ओळ संपली तरी जी संपायची नाही. एकदा मसूरकडच्या एका बारशात कुणी टवाळ ओरडला, "आरं, झीलकऱ्याला कुनीतरी बिरेक लावा रं!" मांडव खदाखदा हसला. हंबीररावही हसले. कुतुबभाई मात्र ताणतच राहिला, कारण त्याची नजर शाहिराच्या डाव्या खांद्यावर होती.

गोष्ट अशी, की कोरोनातनं उठल्यापासून हंबीररावांची छाती पहिल्यासारखी राहिली नव्हती. आवाज तोच, पहाडी. पण मोठ्या ओळीच्या शेवटाला दम तुटायचा. तुटण्याआधी डावा खांदा जरासा वर उचलायचा, बैलानं माशी उडवताना वशिंड हलवावं तसा. खांदा वर गेला की कुतुबभाई जी उचलायचा आणि खांदा खाली येईपर्यंत ओढत राहायचा. तेवढ्यात शाहिरानं तोंड मिटून श्वास घ्यायचा. लोकांना वाटे, झीलकरी रंगात आलाय. दोघांनी ह्यावर कधी एक शब्द काढला नाही. पण दोघांनाही ठाऊक होतं.

मग लोणंदच्या बाजारतळावर कार्यक्रम झाला. शाहिरांचा पुतण्या विश्वजित ह्यानं तो मशिनवर रेकॉर्ड करून घेतला. त्याचा अल्बम काढायचा होता. त्याच्या वेष्टनावर काय छापायचं तेही ठरलं होतं : 'लोणंदच्या रसिकांसमोर, जसंच्या तसं.' आणि हे जसंच्या तसं तयार करण्यासाठी सगळे सांगलीला गेले.

स्टुडिओ मार्केट यार्डापलीकडच्या बोळात. हळदीच्या वासानं कुतुबभाईला दारातच शिंका सुरू झाल्या. आत साईराज नावाचा तरुण. पोरगा गोड, चाचा-चाचा म्हणून बोलणारा, आपल्या कामात वाघ. त्यानं पडद्यावर आवाजाचे डोंगर दाखवले. आधी त्यानं भुंकणारं कुत्रं काढलं. मग 'आरं, बस की खाली' म्हणून ओरडणारा लोणंदकर काढला. टाळ्या पातळ होत्या म्हणून कुठल्याशा शहरातल्या थेटरातल्या दाट टाळ्या आणून लावल्या. जिथं जिथं शाहिरांचा दम तुटला होता, तिथं तिथं त्यांना काचेच्या खोलीत बसवून तेवढीच ओळ परत गाऊन घेतली आणि सांधली. सांधा कुठं आहे ते कुणाच्या बापाला कळू नये असा.

मग तो कुतुबभाईकडे वळला.

"चाचा, ह्या तुमच्या जी. बघा, दरवेळी मागं पडताय. शाहीर पुढच्या ओळीला मोकळे, अन् तुमी अजून मागच्याच ओळीत."

"मागं न्हाई पडलो," कुतुबभाई म्हणाला. "ती मुद्दाम..."

आणि तो थांबला. कारण मुद्दाम म्हटलं की का, हे आलं. का म्हटलं की शाहिरांची छाती आली. पुतण्यापुढं, परक्यापुढं, सांगलीत. त्यानं हंबीररावांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, 'असू दे, मीच सांगितलंय त्याला.' एवढंच. हंबीरराव फेट्याचा शेमला नीट करत बसले होते. शेमला नीटच होता.

"वय झालं, बाबा," कुतुबभाई म्हणाला. "मागं पडतो खरा."

झालं. साईराजनं सगळ्या जी कापल्या आणि कुतुबभाईला काचेच्या खोलीत उभं करून कानांवर डबडी चढवली. एकच जी पाहिजे, म्हणाला, आखूड आणि स्वच्छ. कुतुबभाई उभाच. पुढं भिंत. भिंतीला खांदा नाही.

"चाचा, म्हणा की!"

"कुनाच्या मागं म्हनू?"

बाहेर विश्वजित हसला. शेवटी कुतुबभाईनं डोळे मिटून एक जी म्हटली. तीच उचलून साईराजनं पोवाडाभर डकवली. सगळ्या गाद्यांना एकाच मापाची खोळ.

अल्बम आला आणि लय चालला. मोबाईलवर, जीपमध्ये, वरातीत. लोक म्हणायचे, काय छाती हाय शाहिराची, ह्या वयात! एके दिवशी हाजराबीनं टाका घालता घालता तो पुरा ऐकला आणि सुई थांबवून विचारलं, "आवं, ह्यात तुमी कुठं हाय?"

"हाय की. ती जी बग."

"ती तुमची न्हाई. तुमची जी ऐकत माजी कणीक मळून व्हते."

पुढं उंब्रजची जत्रा आली. कार्यक्रम शाहिरांचाच. विश्वजित घरी आला, कापसावर फतकल मारून बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "चाचा, लोकांना आता अल्बमसारखंच पायजे. मागं नवी पोरं उभी करतोय. तुमी पुढं बसा. पहिल्या रांगेत, मानानं. खुर्ची राखून ठेवतो."

पोरं कशी आहेत, एवढंच कुतुबभाईनं विचारलं. "एकदम टायमात," विश्वजित म्हणाला. त्यानं एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पोरं नुसती उभी राहणार होती. शाहीरही नुसते उभे राहणार होते. वाजणार होता तो अल्बम.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं. कुतुबभाई इस्त्रीच्या सदऱ्यात, मिशांतला कापूस झाडून, पहिल्या रांगेत. हंबीररावांनी डफ उचलला, मागं चार भगवे फेटे उभे राहिले, आणि कर्ण्यातनं पोवाडा सुरू झाला. पोवाडा सीमेवरच्या फौजीचा, हंबीररावांनी स्वतः जुळवलेला. आवाज खणखणीत. लोक डोलत होते. कुतुबभाईला काही कळलं नाही, कारण त्याला ऐकायची सवयच नव्हती. तो बघत होता.

फौजी एकटाच बर्फात चौकी राखतो, ती लांब ओळ आली. हंबीररावांचे ओठ फिरत होते. आणि जुन्या जागेवर, जुन्या सवयीनं, त्यांचा डावा खांदा वर गेला.

कुतुबभाई खुर्चीतनं उठला. कानावर हात गेला.

"जीऽऽऽ रं जीऽऽऽ!"

इतक्या दिवसांत न ऐकलेली ती जी कानावर पडताच हंबीररावांनी तोंड मिटलं. डफ खाली केला. छाती भरून, सुखानं, पहिल्यासारखा श्वास घेतला.

आणि कर्ण्यातनं त्यांचाच आवाज पुढची ओळ गात राहिला.

मग मागनं कुणीतरी ओरडलं, "शाहीर थांबला, गानं पळालं! धरा रं त्याला!" हशा, शिट्ट्या. मोबाईल वर झाले. हंबीररावांनी घाईघाईनं तोंड उघडलं तोवर ओळ संपली होती आणि थेटरातल्या टाळ्या वाजत होत्या.

स्टेजमागं विश्वजितनं कुतुबभाईला गाठलं. "डाव साधला व्हय, चाचा? खुर्ची दिली, मान दिला, अन् तुमी गावासमोर आमची अब्रू काढली?"

"आरं, त्यास्नी दम लागला हुता."

"कसला दम? टेप गात हुती!"

"मला काय म्हाईत टेप हाय? मी खांदा बघितला." कुतुबभाई हंबीररावांकडे वळला. "सांगा की तुमी ह्याला. आता तरी सांगा."

हंबीरराव फेटा सोडत होते. वर न बघता म्हणाले, "खुर्चीवर बशिवलं हुतं की तुला, कुतुब. खुर्ची पुरली न्हाई व्हय?"

गावानं विश्वजितचंच खरं धरलं. काढून टाकल्याचा राग असा काढला, म्हणाले. कुणी त्याला चावडीवर 'मागं पडलेला' म्हणायला लागलं. हाजराबी चिडली. "सांगून टाकायचं हुतं समद्यांदेखत, दम कुनाला लागतो ते!"

"ते काय सांगायचं असतंय व्हय," म्हणून त्यानं गादी पालथी केली.

उसाच्या तोडी संपत आल्या तेव्हा शाहिरांच्या घरची सून रेश्मा उशीची रिकामी खोळ घेऊन आली. दारातनंच म्हणाली, "चाचा, ही जाड भरा. चांगली उंच व्हायला पायजे. मामंजींना आडवं पडलं की दम लागतोय. बाहेर कुठं बोलू नगा."

कुतुबभाईनं खोळ हातात घेतली. शिवण तपासली, बोटं आत घालून झाडली. बाजूलाच कापसाचा ढीग पडला होता.

"कवा न्यायला येऊ?"

"येळ लागंल म्हनावं शाहिरास्नी," तो म्हणाला. "म्हातारं मागं पडलंय."

खोळ त्यानं खुंटीला अडकवली. तिच्याखाली बसून तो रोज दुसऱ्यांच्या उशा भरतो. हाजराबीनं ती दोनदा उतरवली, दोन्ही वेळा त्यानं परत लावली. तिथंच आहे.