रायफलचं काय बदलायचं?

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी त्याला फ्रोझन शोल्डर म्हटलं, आणि बायकांना या वयात होतो म्हणून सांगितलं. आठ महिने मला वेणीसुद्धा घालता येत नव्हती, तिथे पाच किलोची एअर रायफल उचलणं दूरच. एअर रायफल म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेवर छर्रा सोडणारी, दहा मीटरवरच्या टार्गेटसाठीची. तिला लायसन लागत नाही, पण वेळ भरपूर लागतो. एकेचाळीस वर्षांची असताना ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर सहज म्हणून घाटकोपरच्या रेंजवर गेले. मैत्रीण दोन महिन्यांत सुटली, मी राहिले. राज्य स्पर्धेच्या पात्रतेला सात गुण कमी पडत होते, तेवढ्यात खांद्याने दगा दिला.

फिजिओथेरपी संपवून परत उभी राहिले तेव्हा माझं टार्गेट बघवत नव्हतं. आधी एका नाण्याखाली झाकले जातील असे छर्रे लागायचे, ते आता बशीभर पसरले होते. साठ छर्‍यांच्या फेरीत सगळेच उजवीकडे सरकत, आणि शेवटचे वीस-पंचवीस तर खालीही पडत.

रेंजवर प्रत्येकाकडे उपाय होता. आमचे सर लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी माझी रायफल हातात घेतली, दोनदा ट्रिगर ओढला आणि म्हणाले, "मॅडम, ट्रिगर जुना झालाय. नवीन हलका बसवा. आजकाल सगळे तेच वापरतात."

शेजारच्या लेनवरच्या वकीलबाईंचा भर नव्या नळीवर होता. घरी नवऱ्याने तर प्रश्नच निकालात काढला.

"तू नवीनच घे ना यार. आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, माझ्याकडून."

"आणि ही?"

"विकून टाक. सेकंडहँड घेतलेली वस्तू, किती वर्षं ओढणार?"

तो प्रेमाने बोलत होता, हे मला कळत होतं. दर दोन वर्षांनी फोन बदलणारा माणूस आहे तो. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न अडकला होता. बिघडलंय कोण, मी की रायफल? ते कळल्याशिवाय मी एक स्क्रूसुद्धा बदलणार नव्हते. नवीन रायफलवरही छर्रे पसरले असते तर मी कोणाकडे बघणार होते?

"आधी शोधून काढते. मग बोलू," मी म्हटलं.

अंधेरीला एक म्हातारे मालवणी काका एअर गन दुरुस्त करतात, असं ऐकलं होतं. शनिवारी सकाळी मुलुंडहून रायफलची पेटी घेऊन निघाले. नवराही आला, कारण पेटी उचलायला खांदा अजून तयार नव्हता. रिक्षावाल्याने आरशातून पेटीकडे बघत विचारलं, "सितार है क्या मॅडम?" नवरा म्हणाला, "हां, वही." पवई येईपर्यंत दोघंही गाण्यावरच बोलत होते.

काकांचा गाळा लांबट होता. एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला भिंतीवर टार्गेट. त्यांनी माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. मग रायफल टेबलावरच्या लोखंडी व्हाइसच्या जबड्यात, फडक्यात गुंडाळून घट्ट आवळली.

"आता हिका माणूस नाय. बघूया काय करता ती."

त्यांनी दहा छर्रे सोडले. नवरा टार्गेट काढून घेऊन आला. कागदावर एकच भोक होतं, दहाही छर्रे त्यातून आरपार गेलेले. रायफल ठीक होती. म्हणजे आठ महिने घरी बसून मीच संपले होते.

"म्हणजे चूक माझीच," मी म्हटलं.

"गप रव चेडवा. तू किती मारतंस?"

"साठ."

"मग साठ मारूया."

ते शांतपणे मारत राहिले. दर दहाला टार्गेट बदलायचं. तिसाव्यापर्यंत तेच, एकच भोक. चौथ्या कागदावर भोक जरा लांबट झालं. पाचव्यावर छर्रे सरळ खाली उतरले होते. सहाव्यावर आणखी खाली.

मी तो कागद दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. माझ्या टार्गेटवर शेवटी शेवटी अगदी असंच व्हायचं. मी ते थकव्यावर ढकललं होतं. वयावरही.

काकांनी रायफल उघडली. दर शॉटला सारखीच हवा सोडण्याचं काम रेग्युलेटरचं असतं. त्याच्या आतल्या रबरी कड्या त्यांनी चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. त्या कडक होऊन तडकल्या होत्या. टाकी भरलेली असेपर्यंत चालून जायचं, दाब उतरला की छर्रा मंदावायचा. टाकीवर कोरलेली तारीख त्यांनी भिंगाखाली वाचली आणि टाकी बाजूला ठेवली. तिची मुदत केव्हाच संपली होती.

"ही टाकी मी भरूचंय नाय. फुटली तर?"

नवऱ्याने संधी साधली. "काका, मग सगळंच नवीन बसवा ना. ट्रिगर, नळी, सगळं एकदम."

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "सगळा नवीन घातलात तर चूक खंय होती ता कळतला कसा?"

मी ट्रिगरचं विचारलं. त्यांनी छोटा वजनकाटा अडकवून तो सात-आठ वेळा ओढून दाखवला. दर वेळी आकडा तोच.

"ट्रिगराक हात लावू नको. तुझ्या बोटाक तो ठाऊक आसा."

राहिलं ते छर्‍यांचं उजवीकडे जाणं. ते माझं होतं, आणि त्याचं कारण काकांनी मला रिकामी रायफल खांद्याला लावून उभं केल्यावर दिसलं. आजारपणानंतर माझा खांदा पूर्वीइतका मागे वळत नव्हता. लाकडी दस्त्याचं टोक जुन्या जागी बसतच नव्हतं. मी ते दाबून बसवत होते, आणि दर वेळी आतून ओढ लागून नळी उजवीकडे जात होती.

मी तिथेच ठरवलं. कड्या बदलायच्या, टाकी नवीन घ्यायची. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दस्त्याच्या टोकाला वर-खाली आणि तिरकी करता येणारी, खांद्याला टेकणारी नवी बटप्लेट बसवायची. सुधारणा म्हणून तेवढीच, कारण माझा खांदा आता पूर्वीचा राहिला नव्हता आणि रायफलला ते कळायला हवं होतं. नळी, ट्रिगर, दस्ता तसेच.

"आणि माझं गिफ्ट?" परत येताना नवऱ्याने विचारलं.

"बटप्लेट दे."

"पंचवीस वर्षांच्या लग्नाला बटप्लेट? लोकांना काय सांगू?"

"सांग, सतारीचा भोपळा बदलला."

तो हसला, पण नंतर महिनाभर त्यानेच रोज ऑफिसला जाण्याआधी माझ्या पाठीमागे उभं राहून फोनवर माझ्या खांद्याचे फोटो काढले. प्लेट एक रेघ वर, अर्धी रेघ खाली. मी आरशात बघायचे, तो फोटोत. "आज ओढतेयस," असं तो मला सांगायला लागला, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा.

सरांना मात्र ट्रिगरचा नकार पचला नाही.

"स्पर्धा तोंडावर आलीय मॅडम. बाकीचे कुठल्या कुठे गेलेत, तुम्ही जुन्यावर अडून बसलात."

"सर, अडून नाही बसले. तपासून घेतलाय."

"मी पंधरा वर्षं शिकवतोय."

"माहितीये सर. तरी ट्रिगर नाही बदलणार."

त्यांना उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. पुढचे काही दिवस ते माझ्या लेनपाशी थांबले नाहीत. मी माझं करत राहिले. आधी वीस शॉट, मग तीस. खांदा दुखला की पेटी बंद. साठपर्यंत पोचायला अडीच महिने लागले.

त्या वर्षी पात्रतेला चार गुण कमी पडले. झकास वगैरे काही झालं नाही. निकालाच्या कागदावर माझं नाव रेषेखाली होतं, आणि वकीलबाईंचं वर. त्यांनी नळी बदलली होती. मला क्षणभर वाटलं, मूर्खपणा तर नाही ना केला? घरी येऊन मी सगळी टार्गेटं जमिनीवर मांडली. शेवटचे वीस छर्रे वर होते, मधोमध. एकही खाली पडला नव्हता. गुण गेले होते ते दुसऱ्या दहा छर्‍यांत, जिथे मी घाई केली होती. ती घाई बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच भागाने थांबली नसती.

दुसऱ्या दिवशी मी रेंजवर गेले आणि सरांना तो दुसऱ्या दहांचा कागद दाखवला. "सर, इथे मी श्वास धरत नाहीये. शिकवा."

त्यांनी कागद उजेडात धरून बघितला. मग खुर्ची ओढून माझ्या लेनमागे बसले. "घ्या रायफल," ते म्हणाले. "आज फक्त दहा. पण प्रत्येकाला मी म्हणेन तेव्हाच."

पुढच्या वर्षी, एकोणपन्नासाव्या वर्षी, मी दोन गुण जास्त घेऊन पात्र ठरले.