फिल्मसाठी राखलेला बर्फ

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझी नात कॅनडात आइस हॉकीच्या सामन्यांचे फोटो काढते. आज तिने व्हिडिओ कॉलवर स्टेडियम दाखवलं. "नाना, बघा ना, सगळं मैदानच बर्फाचं!"

मी कॉल कट केला.

साठच्या दशकात मी कुवेतमध्ये फुटबॉलचे फोटो काढायचो. उन्हाने फिल्म खराब व्हायची, म्हणून ती बर्फाच्या डब्यात ठेवायचो. मॅच संपेपर्यंत त्या डब्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही, हा माझा नियम.

मे महिन्यात तिथल्याच जहरा गावात मॅच होती. माझ्याच खोलीत राहणारा, रत्नागिरीचाच इब्राहिम खेळत होता. खेळता खेळता तो रेतीवर कोसळला. त्याचा भाऊ माझ्याकडे धावत आला.

"बरफ दे रे, लवकर! त्याचं अंग भाजतंय."

मी म्हणालो, "थांब जरा. कप द्यायचाय अजून. फिल्म जाईल माझी."

तो रिकाम्या हाताने परत पळाला.

कपाचा फोटो झकास आला. पेपरातही छापला. इब्राहिम हॉस्पिटलच्या वाटेवरच गेला.

खोलीवर येऊन डबा उघडला, तर अर्धा बर्फ तसाच होता. मी तो मोरीत ओतला.

"तुमची काय चूक" असलं काही कमेंटमध्ये लिहू नका. नातीचे चार मिस्ड कॉल आलेत. तिला काय सांगू, तेवढं सांगा.