सहा व्होल्टचा दिवा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते बोदवडच्या शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या सरांचे. मला धुळ्याच्या कॉलेजात पाठवावं म्हणून ते तीनदा आमच्या घरी आले. वडील शेवटी म्हणाले, "एकदा का नापास झाला, की परत शेतात. मग पुन्हा यायचं नाही, गुरुजी." सरांनी माझ्या वतीने कबूल करून टाकलं.

म्हणून इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलला मला चूक परवडणार नव्हती. टेबलावर एक छोटा दिवा, बॅटरी, व्होल्टमीटर आणि अ‍ॅमीटर. तीन वेगवेगळ्या व्होल्टला करंट मोजून दिव्याचा रोध काढायचा होता. व्होल्टला अँपिअरने भागायचं, एवढंच.

दोन व्होल्टला ०.१६ अँपिअर आले. रोध साडेबारा ओहम. चार व्होल्टला ०.२४, म्हणजे साडेसोळाच्या वर. सहाला ०.३०, म्हणजे वीस. एका दिव्याचे तीन रोध! वर्षभर आम्ही ज्या कॉइल मोजल्या, त्यांचं उत्तर दर वेळी एकच यायचं. मी स्क्रू आवळले, वायरींची टोकं पॉलिशपेपरने घासली, पुन्हा आकडे घेतले. तेच आले.

शेजारच्या टेबलावर पारोळ्याचा एक मुलगा होता. त्याने मान वळवून माझा कागद पाहिला आणि कुजबुजला, "पहिला धर, बाकीना जमाडी ले. बठ्ठा असंच करतस, भाऊ."

सगळेच करतात म्हटल्यावर मीही पहिला आकडा धरून बाकीचे जमवले. चारला ०.३२, सहाला ०.४८. आलेखावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ आली.

बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी आलेख पाहिला.

"सहा व्होल्टला या दिव्याची पॉवर किती?"

मी गुणाकार केला. "२.८८ वॅट, सर."

"आता दिव्याच्या पितळी गळ्यावर काय लिहिलंय, वाचा."

सहा व्होल्ट, ०.३ अँपिअर.

"म्हणजे किती?"

"१.८, सर."

"मग वरचा एक वॅट कोण खातंय? तुम्ही?"

पारोळ्याचा मुलगा वहीत खाली वाकला. मी सांगून टाकलं, "आकडे मी जमवले, सर."

"कच्चा कागद कुठाय?"

मी खिशातून चुरगळलेला कागद काढून दिला. तो त्यांनी सावकाश वाचला. "हे बरोबर आहे. दिव्यातली तार तापली की रोध वाढतो, मग रेघ वाकते. म्हणून तर दिवा दिलाय!" माझ्या तक्त्यावर त्यांनी लाल फुली मारली. "अर्धा तास उरलाय. पुन्हा करा." मार्कांचं काही बोलले नाहीत.

महिन्याने निकाल लागला आणि मी काठावर पास झालो. पण त्या संध्याकाळी ते कुठे ठाऊक होतं? होस्टेलवर येऊन मी सरांना कार्ड लिहिलं.

"आदरणीय सर, सा. नमस्कार. आज प्रॅक्टिकल झालं. दिव्याचे खरे आकडे मला चुकीचे वाटले, म्हणून मी खोटे लिहिले आणि सापडलो. परीक्षकांनी पुन्हा करू दिलं, पण पास करतील की नाही, सांगता येत नाही. वडिलांना शब्द तुम्ही दिला होता, म्हणून निकालाआधी तुम्हाला कळवतो. नापास झालो तर घरी मीच सांगेन. तुम्ही आमच्याकडे जाऊ नका, उगाच तुम्हाला बोलणी बसतील. तापलेल्या तारेचा रोध वाढतो, हे मला आज कळलं. जमल्यास वर्गातल्या मुलांना एकदा करून दाखवा. टॉर्चचा दिवासुद्धा चालेल."