बंद डब्यातला खाऊ

आरतीचं लहानपण अकोल्यात गेलं, आणि ते दुसऱ्यांच्याच घरात गेलं म्हणायला हरकत नाही. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि समोरच्या घरात शिरायचं. जेवायच्या वेळी आई गल्लीत उभी राहून हाका मारायची, तेव्हा कुठे पत्ता लागायचा. लग्न होऊन अमरावतीला राजापेठेत आली, तिथंही तोच कारभार. म्हणून तिच्या नवऱ्याला, श्यामला, जर्मनीतल्या एका विद्यापीठात तीन वर्षांचं संशोधनाचं काम आणि कॅम्पसवरच घर मिळालं, तेव्हा तिथं पोचल्यावर तिनं सगळ्यात आधी खिडकीतून खाली पाहिलं. झोपाळा होता, घसरगुंडी होती, पोरं होती. पाच वर्षांच्या शकुनची काळजी मिटली, असं तिला वाटलं.

कुठली मिटते! दुसऱ्याच दिवशी लेकीचं बोट धरून तिनं वरच्या मजल्यावरची बेल वाजवली. दार उघडणारी बाई छान हसली, मोबाइलमधलं कॅलेंडर पाहिलं आणि सोळा दिवसांनंतरची तारीख दिली. चार ते साडेपाच. कशासाठी, तर खेळायला! यापेक्षा दवाखान्यात नंबर लवकर लागतो, म्हणून आरती घरी येऊन धुमसली. त्यात कॅम्पस म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. जरा कुठे मैत्री जमली की त्या पोरीच्या बापाचं काम संपायचं आणि दारात खोकी दिसायची. वर्षभरात शकुनच्या तीन मैत्रिणी अशा गेल्या. मग ती खिडकीशी बसून राहायची, आणि आरतीचा जीव तुटायचा. लेकीला एक तरी हक्काची मैत्रीण असावी, एवढंच तिचं मागणं होतं.

दुसऱ्या वर्षी भादव्याची पौर्णिमा आली आणि आरतीनं ठरवलं, पुरे झालं, आपण भुलाबाई मांडू. वऱ्हाडात हा महिना पोरींचा. रोज संध्याकाळी घरोघर जायचं, भुलाबाईपुढं गाणी म्हणायची, आणि शेवटी घरची बाई बंद डबा वाजवून दाखवते, त्यातला खाऊ ओळखायचा. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. आरतीनं पोरांच्या खेळायच्या मातीची भुलाबाई केली, सात घरी रीतसर शनिवारची तारीख कळवली आणि शेंगदाण्याचे लाडू वळले.

दोन दिवस आधी एका आईचा मेसेज आला, खायला काय आहे? आरतीला हसूच आलं. तिनं खुशीत लिहिलं, ते गुपित आहे, मुलांनीच ओळखायचं. मग दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं. हिनं कोणाला दाद दिली नाही. आधीच सांगून टाकलं तर खेळ तो काय राहिला?

शनिवारी एकच मुलगी आली, सोबत आई आणि स्वतःचा डबा घेऊन. आरतीनं लाडवांचा डबा वाजवला तशी त्या आईनं पोरीला जवळ ओढून धरलं. पंधरा मिनिटांत दोघी गेल्या.

"अवं, इथं कित्येक पोराईले शेंगदाणा चालत नाही," श्याम संध्याकाळी म्हणाला. "एका दाण्यानं दम कोंडते. काय काय घातलं ते आधी लिहून द्या लागते."

"मंग तुमी मले आता सांगून राहिले?"

वाईट याचंच होतं की त्या आयांचं म्हणणं तिला पटत होतं. राग काढायला माणूसच उरला नव्हता. ते लाडू तिनं आठ दिवस चिडून चिडून एकटीनं संपवले.

शकुन मात्र शिकली. ती स्वतः तारखा मागू लागली, भिंतीवरच्या कागदावर लिहू लागली. पुढच्या वाढदिवसाला खाऊची यादी तिनंच आठवडाभर आधी घरोघर दिली. पाच पोरं आली आणि साडेपाचला गेली. शहाणी झाली म्हणून श्यामनं कौतुक केलं. आरतीला मात्र ते शहाणपण बघवत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात तिघं राजापेठेत परत आली. आरती दिवस मोजत होती ते भादव्याचे. पौर्णिमेला बाजारातून भुलाबाई आणली, पुन्हा तेच लाडू वळले. इथं ते न चालणारं होतं कोण! संध्याकाळी शेजारची, शकुनच्याच वयाची माधवी सहा-सात पोरी घेऊन थेट दारात. "शकुन, चाल व!" आरती स्वयंपाकघरातून डबा घेऊन धावली, तोवर शकुन दारात उभी राहून अदबीनं सांगत होती, "आज नाही जमत. आधी विचारा लागते. शनिवारी या, चार ते साडेपाच."

"इले काय झालं व?" माधवी म्हणाली, आणि घोळका पुढच्या घरात शिरला.

"शकू, पळ त्याइच्या मागं!"

"मले कोणी बोलावलं नाही त्या घरी."

"अवं, इथं बोलावत नाही कोणी!"

"मंग जायचं कसं?" शकुननं खरंच विचारलं. आरती तिच्यावर ओरडली, आणि ओरडल्याबरोबर तिला स्वतःचाच संताप आला.

शनिवारी शकुन नवा फ्रॉक घालून पावणेचारपासून भुलाबाईजवळ बसली. तारीख लक्षात ठेवायची सवय गल्लीत कोणालाच नव्हती. साडेपाच वाजून गेले. थोड्या वेळानं माधवीच्या घरातून गाणी ऐकू यायला लागली.

आरतीला राहवेना. तिनं डबा उचलला आणि लेकीच्या कानाशी वाजवला. "ओळख बरं, काय हाय?"

शकुननं डबा तिच्याकडं फिरवला. पलीकडच्या बाजूला चिठ्ठी चिकटवली होती, शकुनच्याच सुवाच्य अक्षरात: शेंगदाणे, गूळ, तूप, विलायची.

"लिहिलंच हाय ना, आई," ती म्हणाली.