बारा ताटांच्या मागचे शब्द

"फॉरमॅट कुणी मारलं, तेवढं सांगा. बाकी आमचं आम्ही बघू," विद्याताई गायकवाड म्हणाल्या.

हार्ड डिस्क माझ्या टेबलावर होती. समोर विद्याताई आणि त्यांचे धाकटे दीर मिलिंद. दोघंही एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. हडपसरला माझं डेटा रिकव्हरीचं दुकान आहे. बिघडलेल्या, पुसल्या गेलेल्या डिस्कमधून फोटो, फाइली परत काढायच्या, हे माझं काम.

विद्याताईंचे यजमान सुधाकरराव इंजिनिअर होते. बिटकॉइन हे नाव कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी हौसेने ते जमवले होते. ते अचानक गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात त्यांच्या एका मित्राने सहज विचारलं, "वॉलेट सापडलं का?" घरच्यांना तेव्हा कळलं.

वॉलेट म्हणजे त्या पैशांची चावी ठेवणारी फाइल. ती गेली, तर बारा साधे इंग्रजी शब्द ठरलेल्या क्रमाने टाकायचे. सगळं परत मिळतं. शब्द नसतील तर मात्र विषय संपला. मॅनेजरला भेटून काम होईल अशी बँक तिथे नसते.

डिस्कवर ती फाइल नव्हती; जुनं सगळं फॉरमॅटमध्ये पुसलं गेलं होतं. मधे महिनाभर तो कॉम्प्युटर मिलिंदच्या घरी होता, मुलीच्या प्रोजेक्टसाठी. त्यामुळे विद्याताईंचा हिशोब सरळ होता.

"फाइल काढून घेतली आणि डिस्क पुसली. स्वच्छता फार आमच्या भावजींना."

"वहिनी, मला फोनमधला फोटो मेल करता येत नाही. दादाच करून द्यायचा."

"वकिलासमोर बोला ते."

मी म्हणालो, "स्कॅन चालू आहे. पंधरा दिवस लागतील."

खोटं होतं. स्कॅन संपला होता. फॉरमॅटची तारीख मला दिसली होती. मिलिंदने कॉम्प्युटर नेला त्याच्या कितीतरी आधीची. विंडोज टाकताना युजरच्या जागी मी सवयीने माझ्या दुकानाचं नाव घालतो. तेही तिथेच होतं.

आठ वर्षांपूर्वी सुधाकरराव तो कॉम्प्युटर माझ्याकडेच घेऊन आले होते. "डी ड्राइव्हला हात लावू नका," त्यांनी बजावलं होतं. मी फॉर्मवर लिहूनही घेतलं. मग घाईत तो फॉर्म न बघता अख्खी डिस्क फॉरमॅट केली. वर त्यांना सांगितलं, "डिस्कच गेली होती, सर." ते बिल देऊन गेले. त्या बिलाचे पैसे मी घेतले, हे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी दोघं आले. विद्याताईंच्या हातात वकिलाची नोटीस होती, मिलिंदच्या नावाची. ती बघून मी बोललो. सगळं. तारीख, फॉर्म, खोटं, बिल.

मिलिंद खुर्चीत मागे टेकला. विद्याताई आता पोलिसांना फोन करतील, असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, "महिना कुठला होता, म्हणालात?"

मी सांगितला.

"म्हणजे ताटं आणली तेव्हाच."

"कुठली ताटं?"

"तुमच्याकडून घरी आले ते धुमसत. म्हणाले, यंत्राचा भरवसा नाही, दुरुस्त करणाऱ्याचा तर मुळीच नाही. नशीब, कागदावर लिहिलेलं तेवढं शिल्लक राहिलं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून डझनभर स्टीलची ताटं घेऊन आले. नावं घालून. मी विचारलं, नाव माझं का नाही? तर म्हणाले, ही पाहुण्यांची."

मिलिंद ताडकन उठला. "त्यातली सहा माझ्याकडे आहेत. दादाने गृहप्रवेशाला दिली होती. वहिनी, एकावर मागे 'ओनियन' आहे."

"आमच्यात एक 'अम्ब्रेला' आहे. मला वाटलं, दुकानदाराने दुसऱ्याचा माल खपवला."

"आणि शब्दाजवळ आकडा?" मी विचारलं.

"आहे की. मी कंपनीचा नंबर समजत होते."

रविवारी मांजरी गावातल्या मिलिंदच्या घरी सगळे जमले. विद्याताई सहा ताटं पिशवीतून घेऊन आल्या. मलाही बोलावलं होतं. बारा ताटं जमिनीवर ओळीने उपडी मांडली, एक ते बारा. मी कॉम्प्युटरवर नवं वॉलेट उघडून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. शब्द मिलिंदच्या मुलीने टाकले. "आले!" ती ओरडली. मग विद्याताईंच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्या हसण्यातच रडण्याचा. मिलिंद म्हणत होता, "दादा, अरे सांगायचं तरी."

"दोघांकडे अर्धे अर्धे शब्द ठेवून बसले," विद्याताई म्हणाल्या. "आपण वेगळे झालो असतो, तर गेलंच होतं."

नोटीस त्यांनी तिथेच फाडली. मग तीच बारा ताटं सुलटी करून आम्ही जेवलो. मला सातवं ताट आलं. माझ्या चुकीवर इतकं चविष्ट मटण मी कधी खाल्लं नव्हतं. फी घ्यायला मी नकार दिला, त्या जुन्या बिलाचे पैसेही परत केले. विद्याताईंनी मोजून घेतले.

आठवड्याने त्यांनी एक तेरावं ताट पाठवलं. मागे कोरलं होतं: 'फॉर्म वाचला का?' ते मी काउंटरच्या वर लावलंय. गिऱ्हाइकांना वाटतं, ते त्यांच्यासाठी आहे.