ढोलकी थांबली तर

घाबरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पाल दिसली की मी खुर्चीवर चढतो आणि वरून घरच्यांना हुकूम सोडतो. पण बारामतीच्या उपचार केंद्रात जी भीती वाटली, तिच्यापासून वाचायला खुर्ची पुरली नसती.

मी इंदापूरचा. भजनात, लग्नकार्यात ढोलकी वाजवतो. अपंग मुलांच्या त्या केंद्रातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी बोलावलं, तेव्हा वाटलं पोरांची करमणूक करायची असेल. जरीचं जाकीट घालून गेलो. मॅडमनी जाकिटाकडे एकदा पाहिलं आणि मला कोपऱ्यात बसवलं.

लासुर्ण्याची आठेक वर्षांची एक मुलगी होती. जन्मापासून पाय ताठ. वॉकर सोडला की ते कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. मात्र संथ, एकसारखा ठेका कानावर पडला की पाय सुटे व्हायचे आणि ती चालायची. ठेका बिघडला की तोल जायचा. हे कळल्यापासून माझ्या बोटांना घाम सुटायला लागला. लग्नात ताल चुकला तर नवरदेवाचं काही मोडत नाही.

मी येण्याआधी ती एकदा पडली होती, हनुवटीला टाके पडले होते. आईनं मॅडमना बजावलं होतं, परत पडली तर घरी नेईन, पुन्हा आणणार नाही.

आणि त्या रविवारी तिला सगळ्या पालकांसमोर वॉकरशिवाय चालायचं होतं. दारापासून खिडकीपाशी बसलेल्या आईपर्यंत.

मी ठेका धरला. ती निघाली. छान चालली होती. तेवढ्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या बापानं टाळी धरली. उसाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस, तळहात फळीसारखे. मग सगळ्यांनीच धरली. आणि आमच्याकडची टाळी म्हणजे भजनाची टाळी, शेवट जवळ आला की ती चढतेच. मुलगी आईच्या जवळ जाऊ लागली, तशी टाळी पळत सुटली. माझी बोटंही तिच्यामागे धावू बघत होती. मी दात आवळून लय धरून ठेवली, पण आता ढोलकी ऐकतंय कोण? पोरीच्या टाचा उचलल्या. गुडघे एकमेकांना घासू लागले.

टाळ्या थांबवायला मी दोन्ही हात वर केले.

टाळ्या थांबल्या. ढोलकीही थांबली. ढोलकी वाजवणाऱ्यानं दोन्ही हात वर केल्यावर दुसरं काय होणार?

खोलीच्या मधोमध ती एकटी, धरायला काही नाही. मॅडम अर्धवट उठलेल्या. मी हात वर करून बसलेला, पोलिसांनी पकडल्यासारखा. खाली आणावेत तर थाप भलत्या वेळी पडेल, ही धास्ती. तिचं अंग एकदा डावीकडं झुकलं.

"उभी हाय," बाप हळूच म्हणाला.

"गप बसा तुमी," आई म्हणाली.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. चांगलीच वैतागली होती.

"काका, मी पाय टाकला की वाजवा."

तिनं पाय उचलला. तो हवेत किती वेळ होता कोण जाणे, मी श्वास घेतला नाही. पाय टेकला. मी थाप दिली. पुन्हा पाय, पुन्हा थाप. इतक्या भित्रेपणानं मी कधी वाजवलेलं नाही.

आईनं तिला कुशीत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग मॅडमना विचारलं, पुढच्या रविवारी किती वाजता आणू? आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् तुमी, हात खालीच ठेवा."